अपघातात गेलेल्या हातापायाचा हिशेब
(मंडळाच्या व्याख्यानमालेत पूर्णा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला 'कायदा आणि सामान्य माणूस' असा विषय दिला होता. हा विषय एवढा मोठा आहे की तासाभरात त्याचे नुसते नाव घेऊन होईल. म्हणून त्यांच्या परवानगीने मी तो लहान केला आहे. रस्त्यावरच्या अपघातात माणूस वाचतो, पण पूर्वीसारखा राहत नाही. पाय जातो, हात जातो, कंबरेखालचे अंग लुळे पडते. अशा माणसाला कोर्ट किती भरपाई देते आणि ती कशी मोजते, एवढेच आज सांगणार आहे.

आपले गाव रेल्वे जंक्शनचे. त्यामुळे अपघात म्हटले की आपल्याला आधी रूळ आठवतो. परंतु रेल्वेच्या दाव्यांचे न्यायाधिकरण वेगळे आणि कायदाही वेगळा. तो आजचा विषय नाही. आपण बोलतो आहोत ते ताडकळसमार्गे परभणीला आणि इकडे नांदेडला जाणाऱ्या रस्त्यांविषयी. हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांविषयी. एका मोटारसायकलवर बसलेल्या तिघांविषयी.

माणूस दगावला तर निदान नातेवाईक वकिलाकडे जातात. जखमी झाला तर बहुतेक घरांत सगळे लक्ष दवाखान्याकडे लागते आणि दाव्याचा विचार वर्षभराने सुरू होतो. तोपर्यंत कागद हरवलेले असतात, गाडीवाल्याने दहा-वीस हजार हातावर ठेवून 'मिटवून' घेतलेले असते. वास्तविक जिवंत पण अपंग झालेल्या माणसाचा दावा कित्येकदा मृत्यूच्या दाव्यापेक्षा मोठा असतो, कारण त्याला पुढची तीस-चाळीस वर्षे जगायचे असते आणि ती दुसऱ्याच्या आधाराने काढायची असतात.

आता मुद्द्याकडे येऊ. आपला समज असा की पायाचे इतके, हाताचे इतके, डोळ्याचे इतके असा काही दरफलक कोर्टात असेल. तसा थोडाफार प्रकार पूर्वी होता. १९९४ साली मोटार वाहन कायद्यात कलम १६३-अ आणि त्यासोबतचे दुसरे परिशिष्ट आले. चूक कोणाची हे सिद्ध न करता त्या तक्त्याप्रमाणे भरपाई मिळे. त्या तक्त्यात गंभीर दुखापतीच्या वेदनांसाठी ५,००० रुपये आणि औषधोपचारासाठी जास्तीत जास्त १५,००० रुपये लिहिलेले होते. हे आकडे २०१८ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, तसेच राहिले. दरम्यान दवाखान्याचे दर कुठल्या कुठे गेले ते आपण जाणताच. १ एप्रिल २०२२ पासून ही व्यवस्थाच गेली. आता कलम १६४ खाली, चूक सिद्ध न करता, मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये अशी ठरीव रक्कम आहे.

इथे एक धोक्याची जागा आहे. कलम १६४ ची रक्कम तडजोडीने स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. बोट मोडले असेल तर अडीच लाख चांगले. पण ज्याचा पाय मांडीपासून गेला त्याने विमा कंपनीच्या पहिल्या कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवलेच पाहिजे. सहीची घाई नेहमी समोरच्याला असते.

मोठा दावा म्हणजे कलम १६६ चा. तो परभणीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. अपघात पुण्याजवळ झाला तरी जखमी माणूस जिथे राहतो तिथे दावा लावता येतो, हे ऊसतोडीला, बांधकामाला बाहेर जाणाऱ्या आपल्या माणसांनी लक्षात ठेवावे. या दाव्यात समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. मात्र फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. कोणती गोष्ट अधिक संभवनीय आहे, एवढे पाहिले जाते.

भरपाईचे दोन भाग पडतात. एक पैशात मोजता येणारा आणि दुसरा न येणारा. ही विभागणी सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली आपल्या मुंबईच्याच एका प्रकरणात, हट्टंगडी विरुद्ध पेस्ट कंट्रोल या निकालात, स्पष्ट करून सांगितली. दावेदार बावन्न वर्षांचे वकील होते, पूर्वी न्यायाधीश राहिलेले. अपघाताने त्यांचा कंबरेखालचा भाग कायमचा लुळा पडला. न्यायालयाने वेदनांसाठी दीड लाख आणि जगण्यातला आनंद गेला त्यासाठी आणखी दीड लाख रुपये दिले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पण रकमेपेक्षा महत्त्वाचे हे की, ज्याची पावती मिळत नाही असेही नुकसान असते आणि ते मोजायचा प्रामाणिक प्रयत्न कोर्टाने करायचा असतो, हे तेव्हापासून पक्के झाले.

पुढे १८ ऑक्टोबर २०१० रोजी राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल आला. न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांनी लिहिलेला हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा. आजही देशभरातली न्यायाधिकरणे त्यावरच चालतात. त्याचे सार मी आपल्या गावच्या उदाहरणाने सांगतो.

समजा, रेल्वेच्या कचेरीत टेबलावर काम करणारा एक कारकून आहे आणि मोंढ्यात पोते उचलणारा एक हमाल आहे. दोघांचाही पाय सारखाच मोडला. शासकीय डॉक्टरांनी दोघांनाही सारखेच प्रमाणपत्र दिले. कारकून सहा महिन्यांनी काठी टेकत टेबलावर येऊन बसतो. पगार चालू राहतो. हमालाची हमाली मात्र कायमची संपते. मग दोघांचे कमाईचे नुकसान सारखे कसे? न्यायालय म्हणते, नाही. प्रमाणपत्रावरची टक्केवारी ही शरीराची आहे. कमाईची टक्केवारी वेगळी काढायची. त्यासाठी तीन गोष्टी पाहायच्या. अपघातानंतर हा माणूस काय करू शकतो आणि काय नाही? अपघातापूर्वी त्याचे काम काय होते? आणि आता तो तेच काम, किंवा दुसरे एखादे, करून पोट भरू शकेल काय?

यातली दुसरी बाजूही ऐकून ठेवा. प्रमाणपत्रात 'डाव्या पायाचे ६० टक्के अपंगत्व' असे लिहिले असेल, तर ते त्या पायाचे असते, सगळ्या शरीराचे नव्हे. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत हेच विचारतो, आणि साठाचे तीस, तिसाचे वीस करून घेतो. तेव्हा आपल्या बाजूने कामाचा पुरावा नसेल, तर कोर्टापुढे तो कमी झालेला आकडाच शिल्लक राहतो.

काही निकाल सांगतो, म्हणजे हे नुसते पुस्तकी वाटणार नाही. २०१४ साली सय्यद सादिक या प्रकरणात चोवीस वर्षांच्या भाजीविक्रेत्याचा उजवा पाय कापावा लागला होता. भाजी विकणाऱ्याला फिरावे लागते, माल उचलावा लागतो, हे ध्यानात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने त्याचे कमाईचे नुकसान ८५ टक्के धरले. त्याच्याजवळ उत्पन्नाचा दाखला नव्हता. तरीही महिना ६,५०० रुपये उत्पन्न मान्य केले. भाजीवाल्याकडे पगारपत्रक कुठून येणार? २०२० साली पप्पू देव यादव या प्रकरणात संगणकावर माहिती भरणाऱ्या तरुणाचा हात गेला होता. प्रमाणपत्र ८९ टक्क्यांचे. उच्च न्यायालयाने ते ४५ वर आणले होते. सर्वोच्च न्यायालयाने ६५ धरले. आणि २०१८ च्या जगदीश विरुद्ध मोहन या निकालातला दावेदार सुतार होता, दोन्ही हात निकामी झालेला. हाताने काम करणाऱ्याचे हात जाणे म्हणजे कमाईच जाणे, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही, अशा अर्थाचे न्यायालयाने तिथे म्हटले आहे.

आता प्रत्यक्ष आकडेमोड करू. विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे. आपला हमाल ३२ वर्षांचा आहे, महिना १२,००० रुपये मिळवतो असे धरू. हे उदाहरण काल्पनिक आहे. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळीस वर्षांखालच्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातली वाढ म्हणून ४० टक्के मिळवतात. ही वाढ जखमींच्या दाव्यातही मिळते, हे वर सांगितलेल्या २०१८ आणि २०२० च्या निकालांनी स्पष्ट झाले आहे. म्हणजे महिना १६,८०० आणि वर्षाला २,०१,६०० रुपये. याला 'गुणका'ने गुणायचे. गुणक वयावर ठरतो. २००९ च्या सरला वर्मा निकालात त्याचा तक्ता आहे: पंचवीस वर्षांपर्यंत १८, मग वयानुसार उतरत पासष्टीच्या पुढे ५. एकतीस ते पस्तीस वयाला १६. गुणाकार केला की ३२,२५,६०० रुपये होतात. कमाईचे नुकसान ७० टक्के धरले, तर २२,५७,९२० रुपये.

आता हाच हिशेब दुसऱ्या पद्धतीने करा. भविष्यातली वाढ कोणी मागितलीच नाही. डॉक्टरांचा साठाचा आकडा उलटतपासणीत तिसावर आला आणि हमालीचा एकही साक्षीदार उभा केला नाही. १२,००० गुणिले १२ गुणिले १६, त्याचे ३० टक्के. उत्तर येते ६,९१,२०० रुपये. माणूस तोच आहे, पाय तोच आहे आणि अपघातही तोच. फरक साडेपंधरा लाखांचा. हा फरक दावा कसा मांडला त्याचा आहे.

बत्तिसाव्या वर्षी अजून अठ्ठावीस वर्षे काम केले असते, मग गुणक सोळाच का, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. एकरकमी पैसा आज हातात येतो, त्यावर व्याज मिळते, आणि आयुष्याची शाश्वती कोणालाच नसते. म्हणून तो कमी धरलेला असतो. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी तिसरा किंवा चौथा हिस्सा वजा करतात. जखमीच्या दाव्यात तशी वजावट करायची नसते, कारण तो जिवंत आहे आणि जेवतो आहे. ही वजावट चुकून झालेले निकालही असतात, म्हणून निकालाची प्रत मिळाली की हिशेब स्वतः तपासावा.

बंधू-भगिनींनो, या पद्धतीतले मला न पटणारे एक सांगतो. कायदा माणसाला पैशाच्या रूपाने त्याच्या पूर्वीच्या जागी नेऊन बसवू पाहतो. पण ती जागाच जर खालची असेल, तर भरपाईही खालचीच येते. साहेबाचा पाय आणि सालगड्याचा पाय एकाच चाकाखाली गेला, तरी गुणाकाराची सुरुवात वेगवेगळ्या आकड्यापासून होते. हे बदलणे एका वकिलाच्या हातचे नाही. परंतु काही सदरे अशी आहेत की तिथे उत्पन्नाचा संबंध येत नाही, आणि नेमकी तीच सदरे गरिबांच्या अर्जात कोरी राहतात. वेदना आणि मनस्ताप. जगण्यातल्या साध्या गोष्टी गेल्या त्याबद्दल. लग्नाची शक्यता कमी झाली त्याबद्दल. पुढचा औषधोपचार, सकस आहार, नांदेडच्या दवाखान्यापर्यंतचा गाडीखर्च. आणि सर्वांत मोठे म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च.

काजल विरुद्ध जगदीशचंद या २०२० च्या निकालात बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला इतका मार लागला होता की ती आयुष्यभर दुसऱ्यावर अवलंबून राहणार होती. सर्वोच्च न्यायालयाने तिच्यासाठी दोन मदतनीस धरले, प्रत्येकी महिना ५,००० रुपये, आणि त्याला १८ चा गुणक लावला. नुसते हेच २१,६०,००० रुपये झाले. वेदनांसाठी १५ लाख. ती कमावती नव्हती, म्हणून तिचे उत्पन्न शून्य न धरता कुशल कामगाराचे किमान वेतन धरले. एकूण रक्कम ६२ लाखांवर गेली. आपल्याकडे अंथरुणावरच्या मुलाला आई सांभाळते, मजुरी सोडून सांभाळते, आणि अर्जात तिच्याबद्दल एक ओळ नसते. कोर्टाने विचारले तर घरचे म्हणतात, 'घरचंच माणूस आहे, त्याचे काय पैसे?' तसे म्हणू नये. तिची बुडालेली मजुरी सांगावी.

कृत्रिम पायाचेही तसेच. एक पाय बसवला म्हणजे झाले असे नाही. तो झिजतो, बदलावा लागतो. २०२२ साली मोहम्मद साबीर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा पुन्हा बदलण्याचा आणि दुरुस्तीचा खर्चही धरला. मुलांच्या बाबतीत २०१३ च्या मल्लिकार्जुन निकालात ठोकळ आकडे आहेत: दहा ते तीस टक्के अपंगत्वाला ३ लाख, साठपर्यंत ४, नव्वदपर्यंत ५ आणि त्यावर ६ लाख. पण ते आता जुने झाले आहेत. गंभीर प्रकरणात काजलचा निकाल पुढे ठेवावा. अर्जात कमी रक्कम मागितली म्हणून कोर्टाचे हात बांधले जात नाहीत. पुराव्यावरून योग्य वाटली तर मागितल्यापेक्षा जास्तही देता येते, हे २००२ च्या नागप्पा निकालापासून ठरलेले आहे.

मग पुरावा कोणता? पहिला कागद दवाखान्यातला. जखमीला शरीक करताना सोबतचा माणूस पोलिसांच्या भीतीने 'पडून मार लागला' असे सांगतो. ती एक ओळ केसपेपरवर चढली की पुढे तीन वर्षे ती पुसता येत नाही. गाडीने ठोकरले तर गाडीनेच ठोकरले असे लिहवून घ्या, नंबर माहीत असेल तर तोही. त्यानंतर फिर्याद आणि घटनास्थळाचा पंचनामा. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे. पण त्या भरवशावर राहू नये. औषधांच्या पावत्या एका पिशवीत ठेवाव्यात, एक्स-रे वाळवीपासून जपावेत. अपंगत्वाचे प्रमाणपत्र उपचार पूर्ण झाल्यावर घ्यावे, आणि शक्यतो ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांची साक्ष व्हावी. नुसता कागद पुरत नाही. राजकुमार निकालाने न्यायाधिकरणांना हेही बजावले आहे की त्यांनी मुकाट बसून राहू नये, गरज पडली तर वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करून घ्यावी. आणि साक्षीला आलेल्या डॉक्टरांना ताटकळत ठेवू नये.

उत्पन्नासाठी मुकादम, आडत्या, दुकानदार, ज्याच्याकडे काम केले त्याची साक्ष. २०११ च्या रामचंद्रप्पा प्रकरणात एका मजुराने महिना ४,५०० रुपये मिळत असल्याचे सांगितले आणि न्यायालयाने ते कागदाशिवाय मान्य केले. पण त्याचा अर्थ असा नव्हे की वाटेल तो आकडा सांगावा. वाढवून सांगितलेला एक आकडा सापडला, तर खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचा प्रश्न आपल्याकडे फार येतो. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे २००२ साली आशा राणी निकालात ठरले. म्हणजे लग्नाचे वऱ्हाड ट्रॉलीतून गेले आणि ट्रॉली उलटली, तर भरपाई बहुधा मालकाकडून वसूल करावी लागते. आणि मालकाकडे दोन एकर कोरडवाहू असेल, तर हुकूमनामा फ्रेम करून भिंतीला लावायचा! मात्र ट्रॉलीवर कामाला असलेल्या मजुराची गोष्ट वेगळी. त्याला कर्मचारी भरपाईच्या कायद्याचा मार्ग असतो. दोन्हीकडे एकदम जाता येत नाही, म्हणून आधी विचार करून निवडावे.

ठोकर मारून पळालेले वाहन सापडलेच नाही, तर गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपयांची सरकारी योजना आहे. अर्ज तहसील किंवा उपविभागीय कार्यालयाकडे करावयाचा. मे २०२५ पासून ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखांच्या मर्यादेत विनारोकड उपचाराची केंद्राची योजनाही लागू झाली आहे. दवाखान्यात पोहोचल्याबरोबर तिच्याविषयी विचारावे.

रक्कम मंजूर झाली की न्यायाधिकरण बहुधा काही भाग बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायला सांगते. लोकांना याचा राग येतो. माझे मत विचाराल तर ती ठेव मोडण्याचा अर्ज करायला मी शक्यतो तयार होत नाही. ज्याला पुढची तीस वर्षे बसून काढायची आहेत, त्याच्या नावावरचे व्याज हीच त्याची मजुरी आहे.

शेवटी मुदतीचे. १ एप्रिल २०२२ पासून कायद्याने दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. त्यावर काय व्हायचे ते होईल. आपण सहा महिन्यांच्या आत अर्ज टाकायचा. उपचार चालू असले तरी टाकायचा, पुढचे कागद नंतर जोडता येतात. वकिलाच्या फीची चिंता असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना, मुलांना आणि अपंगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे दाखला जवळ ठेवावा. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा परभणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. साध्या कागदावर, मराठीत लिहिला तरी चालतो. ज्यांना तो लिहिता येणार नाही त्यांच्यासाठी मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्यांनी बसावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. आता आपले प्रश्न असतील तर विचारा.